लेक सात वर्षांची, दुसरीत. गणितात पुढे न्यायचं तर कधी?

अंगणवेल | १८ जुलै

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज शाळेतून चिठ्ठी आली, म्हणून बसलेच लिहायला.

आम्ही नाशिक रोडला राहतो. लेक सात वर्षांची, सेमी इंग्लिश शाळेत दुसरीत. चौथ्या वर्षी ती जिन्याच्या पायऱ्या तीन-तीनच्या गटाने मोजायची आणि वर पोचल्यावर "एक उरली" असं सांगायची. लिफ्टमध्ये तळघराचे उणे एक, उणे दोन बघून एकदा म्हणाली, "आई, शून्याच्या खाली पण आकडे राहतात." मागच्या वर्षी बाजारात टोमॅटो पंधरा रुपये पावशेर होते. मी सव्वा किलो मागितले आणि मावशींनी हिशेब करायच्या आत ही म्हणाली, "सत्तर आणि पाच." पंच्याहत्तर हा शब्द तेव्हा तिला येत नव्हता. एकोणसाठ की एकोणसत्तर हा गोंधळ तर अजूनही होतो. यातलं काहीही आम्ही तिला बसवून शिकवलेलं नाही.

आता शाळेत हातच्याची बेरीज चालू आहे. रोज वीस गणितं फळ्यावर, तीच वीस घरी. चिठ्ठीत लिहिलंय, "वर्गपाठ अपूर्ण राहतो, लक्ष नसते." वही उघडली तर पहिली तीन गणितं बरोबर, आणि बाकीच्या पानावर एकाला एक चिकटलेले षटकोन. मधे कुठेही फट नाही. सोमवारी आणि गुरुवारी पहिलाच तास गणिताचा असतो, त्या दोन्ही सकाळी पोटात दुखतं. काल रात्री झोपताना विचारलं, "उद्या पण हातचाच आहे का?" त्यानंतर मला झोप लागली नाही.

नवरा म्हणतो पाचवीचं पुस्तक आणून देऊ, जाईल तितकी पुढे जाऊ दे. सासूबाई म्हणतात सात वर्षांच्या पोरीला कसली घाई, खेळू दे. वर्गशिक्षिका म्हणतात पाया पक्का होऊ द्या. जवळच्या अबॅकस क्लासच्या बाई म्हणतात ही दोन लेव्हल एकदम ओलांडेल. मुख्याध्यापिकांना भेटले, तर त्यांनी "वयाचे नियम असतात, डबल प्रमोशन आता होत नाही" एवढंच सांगितलं.

मला स्पर्धा नकोय. पण जो विषय तिला इतका आवडतो, त्याच विषयाच्या दिवशी तिचं पोट दुखतं, हे बघवत नाही. पुढे न्यायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? आणि न्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

रानजाई | १८ जुलै

वाचतेय. माझा मुलगा पहिलीत आहे आणि षटकोन सोडले तर अगदी हेच चित्र आहे.

सोनकी | १९ जुलै

थोडं विरोधात लिहिते, राग मानू नये. सातव्या वर्षी हुशार वाटणारी बरीच मुलं दहाव्या-बाराव्या वर्षी बाकीच्यांच्या बरोबरीला येतात. मी स्वतः प्राथमिकला शिकवते. दर वर्षी चार-पाच पालक "आमचा मुलगा पुढे आहे" म्हणून येतात. बहुतेक वेळा मुलाला रीत पाठ असते, पण का ते माहीत नसतं. उभी मांडणी करून पाच आकडी गुणाकार करतो आणि ४०२ मध्ये दशक किती म्हटलं की शून्य म्हणतो. तुमच्या मुलीचं तसं नसेलही. पण घाई करण्याआधी हे तपासाच.

अंगणवेल | १९ जुलै

सोनकीताई, राग कसला. आत्ता तिला विचारलं. म्हणाली, "सुटे दशक शून्य, पण शतकांच्या पोटात चाळीस आहेत." हे बरोबर म्हणायचं ना?

सोनकी | १९ जुलै

बरोबर. आणि माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने आजवर ते या शब्दांत सांगितलेलं नाही. मी पुढचं वाचते.

खडूफळा | २० जुलै

३४ वर्षं गणित शिकवलं, आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत, नंतर माध्यमिकला. निवृत्तीनंतर देवळालीत राहतो, म्हणजे तुमच्या शेजारीच म्हणायला हरकत नाही. सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. "पुढे नेणं" म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पुढच्या इयत्तेचं पुस्तक येतं. गणितात त्याखेरीज आणखी एक दिशा असते, खाली जाण्याची. बेरीज आली म्हणून गुणाकार, गुणाकार आला म्हणून अपूर्णांक, हे पुढे जाणं. बेरजेतच थांबून "एक ते शंभर मिळवायचे तर सगळे मिळवावे लागतील का?" असं विचारणं हे खाली जाणं. क्लासवाले पुढे नेतात, कारण ते मोजता येतं आणि पालकांना दाखवता येतं. खाली न्यायला मुलाजवळ बसावं लागतं.

माझा नियम असा, आणि तो मी बऱ्याच मुलांवर वापरून पाहिलाय: जे शिकवलं जातंय त्यातलाच सगळ्यात कठीण प्रश्नही मुलाला अडवत नसेल, तेव्हा पुढे न्यायची वेळ झाली. त्याआधी नाही. आणि झाली की मग एक दिवसही उशीर करू नये. "पाया पक्का होऊ द्या" असं सांगणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच आहे. पण पक्क्या पायावर वर्षभर पाणीच मारत बसलो तर घर कधी बांधणार?

आता तपासायचं कसं. वेगळी परीक्षा लागत नाही. दुसरीच्या वर्षअखेरीची प्रश्नपत्रिका द्या, दुसऱ्या दिवशी तिसरीची, मग चौथीची. लिहायचा कंटाळा असेल तर तोंडी घ्या, उत्तरं तुम्ही लिहा. जिथे ती खरोखर अडायला लागेल तो तिचा वर्ग. प्रत्येक पायरीवर दोन-तीन वेळा "का?" विचारा. १०२ मधून ६७ हातचा न घेता वजा कर म्हणा. तीन भाकऱ्या आहेत, प्रत्येकाला अर्धी, तर किती जण जेवतील ते विचारा, आणि मग तीनला अर्ध्याने भागल्यावर उत्तर तीनपेक्षा मोठं कसं आलं ते विचारा.

त्याच्या जोडीला पंधरा दिवसांत खालचे तीन प्रश्न द्या. घाई नको, मदतही नको.

एक: बुद्धिबळाच्या पटावर एकूण चौरस किती? (६४ हे उत्तर नाही.)

दोन: टोपलीत आंबे आहेत. दोन-दोन काढले तर एक उरतो, तीन-तीन काढले तर दोन, चार-चार काढले तर तीन, पाच-पाच काढले तर चार, सहा-सहा काढले तर पाच उरतात. सात-सात काढले तर एकही उरत नाही. कमीत कमी आंबे किती?

तीन: चार अंकी एखादी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येचं पुन्हा तसंच. उदाहरणार्थ ३५२४: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. हे शोधलं द. रा. कापरेकर यांनी. १९३० ते १९६२ ते इथे देवळालीतच शाळामास्तर होते. गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला हे नाव कळलं. नाशिकच्या मुलीला ही गोष्ट ठाऊक असायलाच हवी.

तिचं उत्तर बरोबर आलं की नाही यापेक्षा अडल्यावर ती काय करते ते बघा आणि इथे लिहा.

पाऊणकी | २० जुलै

सरांना पूर्ण अनुमोदन. अबॅकसबद्दल मात्र स्पष्ट लिहिते, कारण आम्ही त्या वाटेने गेलो. माझ्या मुलाने दोन वर्षं केलं. आकडेमोड झपाट्याने व्हायची, बक्षिसं आली, आणि पाचवीत शाब्दिक उदाहरण समोर आलं की "बेरीज करू की गुणाकार?" असं विचारायचा. वेग ही वेगळी गोष्ट आणि गणित समजणं ही वेगळी. या मुलीकडे दुसरी गोष्ट आहे. तिला मण्यांच्या चौकटीत बसवू नका.

माझे आजोबा निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे सगळे म्हणायचे. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. साडेतीनचा पाढा आज कुठल्या इयत्तेत घालायचा हा प्रश्न पडेल, पण तेव्हा तो लहान मुलांचाच होता. कुठल्या वयात काय झेपतं ही आपली समजूत दर पिढीत बदलत आलेली आहे. तिच्या आजीला विचारून बघा, पाऊणकी येत असेल तर दोघींची छान जमेल.

मधलीसुट्टी | २१ जुलै

डबल प्रमोशनवाला मी आहे, म्हणून लिहितो.

१९८७ साली तालुक्याच्या गावी दुसरीतून मला एकदम चौथीत बसवलं. वडिलांना अभिमान वाटला, गावात बोलबाला झाला. अभ्यास जड गेला नाही. पण तिसरीत भागाकाराची लांब रीत शिकवतात ती मी कधी शिकलोच नाही. डोक्यात करायचो, आणि मोठे आकडे आले की चुकायचो. कोणाला सांगायची लाज वाटायची, कारण मी तर हुशार म्हणून वर आलेलो. नववीपर्यंत ते लपवलं.

दुसरं म्हणजे शरीर. सातवी-आठवीत बाकीची मुलं एकदम उंच झाली, कबड्डीत मला कोणी घेईना. मधल्या सुट्टीत मी माझ्या जुन्या वर्गातल्या मुलांकडे जायचो, त्यांना ते नको असायचं.

दहावीला शाळेत पहिला. इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा वयाची सतरा वर्षंही पूर्ण नव्हती. तिथे पहिल्याच सत्रात गणितात केटी लागली, म्हणजे विषय राहिला. आयुष्यात पहिल्यांदा समोरचं समजत नव्हतं आणि न समजल्यावर काय करायचं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. दोन महिने कॉलेजला जायचंच टाळलं.

तरीही कुणी विचारलं की दुसरीतच राहायला हवं होतं का, तर मी नाही म्हणेन. त्या वर्गात मी भिंतीकडे बघत बसायचो. चूक वर चढवण्यात नव्हती. सगळ्या विषयांत, सगळ्या मित्रांपासून, एकदम चढवलं आणि मधे काय सुटलं ते कोणी पाहिलं नाही, ती चूक होती. ताई, न्याल तर फक्त गणितात न्या. आणि सुटलेलं काय आहे ते दर महिन्याला शोधा.

चांदणचुरा | २१ जुलै

मधलीसुट्टी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. त्याचंही असंच झालं होतं. बराच वेळ काही बोलला नाही.

अटलांटिकपार | २२ जुलै

न्यू जर्सीहून. इथे शाळा कॉगॅट, मॅप अशा चाचण्या घेतात आणि गुण चांगले असतील तर फक्त गणितासाठी वरच्या वर्गात पाठवतात. व्यवस्था आहे हे चांगलंच. पण व्यवस्था असली की तिची शर्यत होते. आमच्या ओळखीतल्या भारतीय घरांत मूल तिसरीत गेलं की "तुमचा किती वर्षं पुढे?" हा प्रश्न सुरू होतो. आम्हीही पळालो. मुलीला शिकवणीला घालून पाचवीत अल्जिब्रा सुरू केला. आठवीत ती दहावीच्या मुलांबरोबर भूमिती करत होती, आणि तेव्हा लक्षात आलं की अपूर्णांकाच्या भागाकारात "उलटा करून गुणायचं" यापलीकडे तिला काही माहीत नाही. पूर्ण एक उन्हाळा मागे जाऊन काढला. ती रडली, मीही रडलो.

याच्या उलट टोकही या देशाने पाहिलंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतला अल्जिब्रा सगळ्यांसाठीच बंद करून नववीत नेला, समान संधी मिळावी म्हणून. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर शिकवण्या लावल्या. शेवटी २०२४ मध्ये मतदारांनी तो परत आणावा असा कौल दिला. सगळ्यांना एका ठिकाणी थांबवून धरलं तर ज्याच्या घरी कोणी नाही त्याचंच नुकसान होतं.

तुमच्याकडे चाचण्या नाहीत, शर्यतही नाही. खडूफळा सर आहेत. मला तुमचा हेवा वाटतोय, मनापासून.

कवडसा | २३ जुलै

पुण्यात मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. काही गोष्टी जोडते.

आपल्याकडे या विषयाचा विचार झालेलाच नाही असं नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती प्रज्ञावंत मुलांसाठीच. तिथे मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धीविषयीच्या प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्यांवर काम झालं. गणितासाठी पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, त्यांची पाचवी-सहावीच्या मुलांसाठी स्पर्धा असते. गणित अध्यापक महामंडळाच्या प्रावीण्य आणि प्रज्ञा परीक्षा आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राकडून चालणाऱ्या ऑलिंपियाडची पहिली पायरी आठवीपासून. पण बघा, हे सगळं पाचवीच्या पुढचं. सात वर्षांच्या मुलासाठी शाळा आणि घर, एवढंच असतं.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये एक अभ्यास सुरू केला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सॅट ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा दिली. खडूफळा सर चौथीचा पेपर द्या म्हणतात त्यामागे हाच विचार आहे: मुलाच्या वयाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी पडले तर तो कुठवर पोचलाय ते कळत नाही. त्या मुलांचा माग पुढे अनेक दशकं ठेवला गेला. ज्यांना गती दिली त्यांचं मानसिक किंवा सामाजिक नुकसान झालं ही भीती त्यातून खरी ठरली नाही. मात्र सरसकट सगळ्यांना चढवा असंही कोणी म्हणत नाही. आयोवा विद्यापीठात इयत्ता ओलांडण्याच्या निर्णयासाठी एक तक्ता तयार केलाय, त्यात दोन गोष्टींना फार वजन आहे. ज्या वर्गात न्यायचं त्या वर्गात सख्खं भावंड नको. आणि मुलाची स्वतःची इच्छा हवी. तुमच्या धाग्यात सगळ्यांची मतं आली, लेकीचं अजून आलं नाही. तिला विचारलंत का?

प्रसिद्ध गणितज्ञ टेरेन्स टाओ यांचं उदाहरण मी पालकांना नेहमी देते, ते त्यांच्या पदकांसाठी नाही. त्यांना साडेतीन वर्षांचे असताना शाळेत घातलं होतं. काही आठवड्यांत आईवडिलांच्या लक्षात आलं की हे जमत नाहीये, आणि त्यांनी मुलाला परत घरी आणलं. पाचव्या वर्षी पुन्हा घातलं. मग मात्र प्रत्येक विषय वेगळ्या इयत्तेत: गणित कितीतरी वर्षं पुढे, भाषा आणि बाकीचं वयाच्या जवळपास. आठव्या वर्षी त्यांना सॅटच्या गणितात ८०० पैकी ७६० गुण होते, तरी वडिलांनी त्यांना लगेच पूर्णवेळ विद्यापीठात टाकलं नाही. चौदाव्या वर्षापर्यंत शाळेत ठेवलं. इतका विलक्षण मुलगा, आणि त्याच्याबाबतीतही पुढे, मागे, थांबा असं चाललं होतं. एकदा घेतलेला निर्णय बदलता येतो, हे घरात आधीच ठरवून ठेवा.

आणखी एक. वही अपूर्ण असण्याचं कारण बऱ्याचदा हातात असतं. डोकं दहा वर्षांचं, बोटं सातच वर्षांची. तिला वीस गणितं लिहायला लावण्यापेक्षा शेवटची पाच अवघड आधी करू द्या, ती बरोबर आली तर बाकीची माफ. बाईंना ही एवढीच विनंती आधी करून बघा. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना शाळेने उत्तेजन द्यावं, गणित मंडळं चालवावीत असं लिहिलेलं आहे. तेवढं पान छापून मुख्याध्यापिकांकडे न्या. भांडायला नको, आधाराला.

अंगणवेल | ५ ऑगस्ट

पंधरा दिवस झाले. सर, तुम्ही सांगितलं तसं केलं.

दुसरीचा पेपर तोंडी, बारा मिनिटांत संपला. तिसरीचा जवळजवळ सगळा आला. भागाकार आडव्या मांडणीत ओळखता आला नाही, पण "वाटणी" म्हटल्यावर आला. चौथीच्या पेपरात अपूर्णांक आले, कोन आणि त्यांची नावं अजिबात नाहीत. एकूण निम्म्याहून थोडं जास्त. म्हणजे ती तिसरी आणि चौथीच्या मधे कुठेतरी आहे. पाचवीच्या पुस्तकाचा विषय घरातून संपला.

पटाचा प्रश्न चार संध्याकाळी चालला. पहिल्या दिवशी ६४ म्हणाली. मी नुसतं "लहानच मोजायचे असं कुठे सांगितलंय?" म्हटलं. मग तिने स्वतःहून पट छोटा केला. दोन बाय दोन, पाच चौरस. तीन बाय तीन, चौदा. चार बाय चार, तीस. कागद पुढे सरकवून म्हणाली, "चार वाढले, नऊ वाढले, सोळा वाढले. आता पंचवीस येणार." शेवटी २०४. मग तिच्या दादाचा रुबिक क्यूब घेऊन बसली आणि त्यात घन किती ते मोजले: सत्तावीस, आठ आणि एक. "छत्तीस म्हणजे सहा सक!" असं ओरडली. मला आधी कळलंच नाही ती एवढी का आनंदली.

६१७४ ने तर घर डोक्यावर घेतलं. १११९ चालतं, ११११ चालत नाही, हे तिने शोधलं. तीन अंकी घेतले तर ४९५ येतं हेही.

आता आंब्यांचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत पेन्सिल फेकली. "मला येत नाही, मी ढ आहे" म्हणून इतकी रडली की मी घाबरले. दोन दिवस त्या कागदाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना आतून हाक, "आई, एक आंबा जास्त असता ना, तर कुणाचंच काही उरलं नसतं!" ओल्या केसांनी बाहेर आली. ५९ आधी सांगितलं, ते सातात बसेना, मग ११९.

आणि कवडसाताई, तिला विचारलं. "गणित मोठ्यांच्या वर्गात, डबा माझ्या वर्गात," असं म्हणाली.

सोनकी | ५ ऑगस्ट

वाचून अंगावर काटा आला. पण ते "मी ढ आहे" टोचतंय. दहा मिनिटांत पेन्सिल फेकणारी मुलगी मोठ्या मुलांच्या वर्गात टिकेल? मला वाटतं थोडं थांबावं. आधी मन तयार होऊ दे.

खडूफळा | ६ ऑगस्ट

सोनकीताई, शंका रास्त आहे, पण मी उलटं वाचतो. ती रडली कारण आजवर गणितात तिच्यावर अडायची वेळच आली नव्हती. दोन वर्षं रोज सोपं करून तिची अशी समजूत झाली की हुशार असणं म्हणजे लगेच येणं. आणखी वर्षभर हातच्यात ठेवलं तर ही समजूत घट्ट होईल. मधलीसुट्टी यांना सतराव्या वर्षी जे झालं ते हिला सातव्या वर्षी, आईच्या शेजारी झालं. याहून चांगली जागा कुठली?

ती तिसऱ्या दिवशी परत आली, तेही कोणी न सांगता. मी मुलांमध्ये जे शोधतो ते हेच. मन रिकाम्या तासात तयार होत नाही, ते अडून आणि सुटूनच होतं. माझं मत: गणितापुरतं चौथीत, आणि कोन-भागाकार वगैरे फटी तुम्ही घरी भरा. आंब्यासारखा प्रश्न आठवड्याला एक, कायम.

सोनकी | ६ ऑगस्ट

सर, याकडे असं पाहिलं नव्हतं. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, नेहमी सगळ्यात आधी संपवतो आणि खिडकीबाहेर बघतो. उद्या त्याला पटाचा प्रश्न देते.

अंगणवेल | १४ फेब्रुवारी

धागा वर आणतेय. काय काय झालं ते सांगायला हवं, कारण तुम्हा सगळ्यांमुळे झालंय.

मुख्याध्यापिकांना तिसऱ्या भेटीत पटलं. पट, आंबे, पेपर सगळे कागद नेले होते. दुसरी आणि चौथीचे गणिताचे तास एका वेळी येतील असं वेळापत्रक चौथीच्या बाईंनीच बसवून दिलं. गणपतीनंतर आठवड्यातून दोन दिवस, दिवाळीनंतर रोज. कागदोपत्री ती दुसरीतच आहे. संकलित मूल्यमापनाचा पेपर दुसरीचाच दिला. वर्गशिक्षिका आता स्वतः तिला "आज काय केलंस वर?" असं विचारतात.

सगळं सरळ झालं असं नाही. चौथीच्या पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी अकरा. चार गणितं वेळेअभावी राहिली, लिहिण्याचा वेग कमीच आहे. घरी येऊन रडली, पण "ढ" म्हणाली नाही. दुसऱ्या चाचणीला सोळा. भागाकाराची लांब रीत दिवाळीच्या सुट्टीत आजीने शिकवली. हो, आजींना पाऊणकी येते. दोघी संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की म्हणतात. पोटदुखी सप्टेंबरनंतर एकदाही नाही. डबा तिच्या वर्गातच खाते.

आता पुढचं. जूनमध्ये गणितासाठी पाचवीत पाठवायचं तर पाचवी माध्यमिकच्या इमारतीत, सकाळच्या सत्रात भरते. तिची तिसरी दुपारची. वेळ जुळत नाही, आणि रस्ता ओलांडून एवढ्या लहान मुलीला पाठवायला मन घेत नाही. सर, काय करू?

खडूफळा | १५ फेब्रुवारी

सोळा गुण आणि पोट दुखत नाही, या दोन्ही बातम्यांनी सकाळ चांगली झाली.

पाचवीत पाठवू नका. एक वर्ष पुढे जायचं नाही, खाली जायचं. गणिताच्या तासाला ती तिच्याच शाळेत ग्रंथालयात बसेल, तिच्यासोबत चौथीतली दोन-तीन तयारीची मुलं बसतील, आणि दर आठवड्याला एक प्रश्न. विभाज्यता, मूळ संख्या, एका हाताच्या पाच बोटांनीच मोजणाऱ्या गावातले आकडे, कापरेकरांच्या संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा आणखी कोणत्या, हा प्रश्नच दोन महिने पुरेल. शाळेची परवानगी असेल तर बुधवारी मी येऊन बसेन. मोबदला नको.

पण आधी तिला विचारा. मोठ्या वर्गाची सवय झालीय, परत खाली आणलं असं वाटायला नको.

अंगणवेल | १५ फेब्रुवारी

सर, काय बोलू. आज रात्री विचारते तिला. उद्या इथेच लिहिते.